तीन मिनिटं आणि लाल पट्टी

रविवार, २४ सप्टेंबर

ही वही खरं तर हजेरीपट आहे. शाळा सोडताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा, तेव्हा मी कपाटातला हा कोरा उचलला. नऊ वर्षं दुसरीच्या पोरांची हजेरी घेतली, आता परसात विकायला पाळलेल्या गोगलगायींची घेते. आज हजर: सुमारे तीन हजार. फरार: सात. पैकी पाच शेजारच्या अंतवींच्या कुंपणावर सापडल्या, दोघींचा तपास चालू आहे.

ताईला हे सगळं नाटक वाटतं. ताई म्हणजे दुफिए, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. कुमासीत तफोच्या नाक्यावर तिचं गोठवलेल्या मासळीचं दुकान आहे. घर तिचं, परसही तिचंच. आज चर्चहून आली ती टाचांच्या बुटांनिशी थेट परसात. माझ्या खोक्यांकडे बघून म्हणाली, "आधी शाळेतली शेंबडी, आता ही शेंबडी. तुझ्या नशिबात नाकं पुसणंच दिसतंय." मग उभ्या उभ्या निकाल दिला. ऑक्टोबर संपेपर्यंत मला एखादं कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर एक नोव्हेंबरला गवंडी येणार आणि परसात मासळीची दुसरी थंड खोली बांधणार. गोगलगायी बाजारात एकगठ्ठा विकायच्या आणि मी दुकानात मासे तोलायला बसायचं.

मी म्हटलं, बरं. खरं तर रडू यायला हवं होतं, पण मला उगाचच हुरूप आला. पाच आठवडे म्हणजे पुष्कळ झाले.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

पुष्कळ नाहीत. एक आठवडा गेलासुद्धा. दोन हॉटेलांच्या दारावरच्या पहारेकऱ्यांशी माझी आता चांगली ओळख झाली आहे, पण त्यांच्यापुढे गाडी जात नाही. एकाच्या बायकोला मुलगी झाली, नाव काय ठेवायचं यावर आम्ही अर्धा तास बोललो.

आज मात्र कमाल झाली. छापखान्याबाहेर एक कागद चिकटवलेला दिसला: स्पीड नेटवर्किंग, उद्योजकांसाठी, वीस जण, समोरासमोर खुर्च्या. प्रत्येकाशी तीन मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढच्या खुर्चीवर. तासाभरात अख्ख्या कुमासीशी ओळख! मी तिथल्या तिथे नाव दिलं. आयोजक डेरिक नावाचा तरुण आहे, राजधानीतून, अक्राहून आलाय, हातात पितळी घंटा घेऊनच बोलतो. यादीत ओडुम लॉजच्या स्वयंपाकघरासाठी खरेदी करणाऱ्या बेम्पा मॅडमचं नाव वाचलं आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. ओडुम लॉज! दीडशे माणसं जेवतात तिथे.

फक्त एक घोळ आहे. कार्यक्रम शनिवारी दुपारी तीनला ठेवलाय. कुमासीत शनिवारी दुपारी कोण मोकळं असतं? शनिवार म्हणजे मयतीचा वार, माणूस कधीही जावो. पण डेरिक पडला अक्राचा, त्याला कोण सांगणार?

आणखी एक. सकाळी पानं टाकायला गेले तर खोक्यांत आधीच पपईची ताजी पानं होती. मीच काल संध्याकाळी टाकली असणार. चौतिसाव्या वर्षी हा विसरभोळेपणा, पुढे काय होणार कोण जाणे.

सोमवार, ९ ऑक्टोबर

भाषण पाठ झालं. पहिल्या मिनिटात मी कोण, दुसऱ्यात गोगलगायी, तिसऱ्यात दर गुरुवारी घरपोच. ताईचं अंडी उकडण्याचं घड्याळ लावून परसात सराव करते. पहिल्यांदा बोलले तेव्हा तीन मिनिटं संपली तरी मी "तुमच्या घरचे सगळे कसे आहेत"वरच होते. काय करू, लहानपणापासूनची सवय. माणूस भेटला की आधी तो, मग त्याचं घर, मग मुलं, मग काम. थेट कामावर यायचं म्हणजे दारातून न येता खिडकीतून आत उडी मारल्यासारखं वाटतं. आता चौकशी वीस सेकंदांत उरकायला शिकले आहे. गोगलगायींना फरक पडत नाही, पण त्या ऐकून घेतात.

ताई मागच्या दारात उभी होती. कधीपासून ते कळलं नाही. म्हणाली, "'उत्कृष्ट दर्जाच्या' असं म्हणू नकोस, खोटं वाटतं. 'माझ्या हाताने वाढवलेल्या' म्हण." आणि कागदावर काहीतरी मापं लिहीत निघून गेली. थंड खोलीचीच असणार.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पिवळा ड्रेस इस्त्री करून ठेवला.

अंतवींच्या मावशी गेल्या त्याला महिना झाला, शव तेव्हापासून शवागारात आहे. वय एक्याण्णव. उद्या सकाळी त्यांचं दफन, मग दुपारभर मांडवात बसणं. शेजारधर्म म्हणून जायलाच हवं. बाराला बसेन, दोनला उठेन, ड्रेस पिशवीत घेऊन जाईन आणि हॉलवरच बदलेन. बेत इतका चोख आहे की मला माझंच कौतुक वाटतंय.

शनिवार, १४ ऑक्टोबर

हसू की रडू ते कळत नाही, म्हणून आधी लिहून काढते.

मयतीला काळं वस्त्र नेसून गेले. ताई आधीच येऊन बसली होती, तिच्या खुर्चीखाली ड्रेसची पिशवी सरकवली. मांडवात सगळ्यांशी हात मिळवले, उजवीकडून सुरुवात करून, एकेक रांग. बसणार तेवढ्यात मिसेस अंतवींनी माझा दंड धरला. त्यांचे मुलगे परदेशात, विमान चुकलं, घरच्यांची रांग ओस पडली होती. म्हणाल्या, "पोकुआ, तू आमच्यातच बस गं. रिकाम्या खुर्च्या दिसायला नकोत." आणि माझ्या कपाळाला लाल पट्टी बांधली. नाही कसं म्हणणार? बसले. दोनचे अडीच झाले. शेवटी ताईच्या खुर्चीखालची माझी काळी पिशवी ओढली आणि पळाले.

हॉलवर पोचले तेव्हा तीनला चार मिनिटं कमी. प्रसाधनगृहात शिरून पिशवी उघडली, तर आत पिवळा ड्रेस नाही. पपईची पानं! गच्च भरलेली, वर थोडी काकडीची सालं. अंतवींच्या बकरीचा चारा असणार, पिशवी तशीच काळी. डोळे पुसले, पानांची पिशवी काखेत धरली आणि तशीच आत गेले. लाल पट्टी कपाळावर आहे हे मी साफ विसरले होते.

घंटा वाजली. माझ्यासमोर पहिले आले मिस्टर असियामा. त्यांची मैला उपसायची गाडी आहे, आवाज असा की हॉलच्या काचा हलाव्यात. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मयतीत म्हणतात तसं म्हणाले, "दुए. फार वाईट झालं. आई?"

तेव्हा मला पट्टी आठवली. लाल पट्टी म्हणजे अगदी जवळचं माणूस. मी म्हटलं, नाही नाही, मावशी. शेजाऱ्यांची हे सांगायच्या आत ते त्यांच्या स्वतःच्या मावशीबद्दल बोलू लागले आणि घंटा वाजली. पुढचा छत्र्यांचा व्यापारी. त्याने हात धरला: आजारी होत्या का? पुढची केसांचे टोप विकणारी. तिने पाण्याची पिशवी फोडून माझ्या हातात दिली. एकेकजण बसायचा, सांत्वन करायचा आणि उठायचा. सांत्वन करणाऱ्याला "मी गोगलगायी विकते" असं मध्येच कोण सांगेल? डेरिक मागून ओरडत होता, कामाचं बोला, कामाचं बोला. एका म्हाताऱ्या कंत्राटदाराने त्याला झापलं, "पोरा, तुला कुणी शिकवलंय की नाही? दिसत नाही का, बाई दुःखात आहे?"

आठव्या घंटेला बेम्पा मॅडम आल्या. हिरवा चष्मा, कडक कॉलर. मी मनात पक्कं ठरवलं होतं, इथे तरी सांगायचं. त्या बसल्या, पट्टीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझी आई जूनमध्ये गेली. मी अजून तिची खोली उघडलेली नाही." आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. तीन मिनिटं मी त्यांचे हात धरून बसले. एकदा घड्याळाकडे पाहिलं, खोटं का बोलू. दीड मिनिट उरलं होतं. त्यात दुसरं आणि तिसरं मिनिट कोंबता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि मी विचारलं, आईचं नाव काय होतं? त्यांनी सांगितलं. घंटा वाजली.

याहून मोठा गाढवपणा मी आयुष्यात केला नसेल.

आणि अजून संपलेलं नाही. शेवटी डेरिक आभार मानत होता, तेवढ्यात असियामा उभे राहिले आणि त्या आवाजात म्हणाले, उद्या रविवारी मयतीनंतरची उपकारस्तुती असेल ना, आपण सगळे जाऊ. पत्ता सांगा, बाई. शोक करायला येणाऱ्याला येऊ नका म्हणता येतं का? मी सांगितला. लिहिताना मध्येच हसू फुटतंय. उद्या मी मेले.

ताईने पिवळा ड्रेस आणून दिला. म्हणाली, खुर्चीखाली सापडला. तिला बकरीच्या चाऱ्याचं सांगितलं तर ती एकदम फ्रीजर पुसायला लागली. पाठ करूनच म्हणाली, "हं. बकरीच असेल."

रविवार, १५ ऑक्टोबर

अकरा जण आले. अकरा! पांढऱ्या-काळ्या कपड्यांत, असियामांच्या मागे रांगेने, उजवीकडून हात मिळवत. बेम्पा मॅडमही. मी अंतवींच्या दाराआड लपले होते, ताईने कोपर धरून बाहेर काढलं.

पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं. मग अंतवींच्या घराच्या वतीने बोलणारे आजोबा काठी टेकत उठले आणि रीतीप्रमाणे विचारलं: आपण कोण, कुठून आलात, येण्याचं कारण काय? असियामांनी घसा साफ केला. म्हणाले, आमच्या भगिनी पोकुआंना मातेसमान असलेल्या मावशी गेल्या. त्या दुःखात वाटेकरी व्हायला आलो.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मिसेस अंतवींनी पाहिलं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं की मावशींच्या तोंडून मी आयुष्यात फक्त "कुंपणावरची ती किळस काढ" एवढंच ऐकलं आहे.

आणि ताई उठली. माझी ताई, जी मासळीच्या भावाशिवाय चारचौघांत बोलत नाही. म्हणाली, "मावशींच्या चुलीवरचं जो जेवला तो त्यांचं लेकरू. आणि लहानपणी आमची पोकुआ त्यांच्याकडे सगळ्यात जास्त जेवली. आमच्या घरचं संपवूनसुद्धा." मांडव हसला. आजोबा हसले. मिसेस अंतवी पदराने डोळे पुसत हसल्या, आणि त्या हसण्यात असं काही होतं की मला खरोखरच मावशींसाठी भरून आलं. बोटांना मसाला लागलेल्या, सगळ्यांना रागावणाऱ्या मावशी. मी जेवले होतेच की त्यांच्याकडे. विसरलेच होते.

पण अकरा माणसं जास्त म्हणजे जेवण कमी. आचारी डावाने पातेलं खरवडायला लागला तसा मिसेस अंतवींचा चेहरा उतरला. ताई माझ्याजवळ आली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बघत काय बसलीस? काढ तुझे शेंबडे."

मी टोपली घेऊन पळत सुटले. ऐंशी मोठ्या निवडल्या. ताईने बाह्या सरसावल्या. मीठ, लिंबू, तुरटी लावून चोळणं, धुणं, पुन्हा चोळणं, हे सगळं तिने असं केलं की जणू रोजचंच काम. कुठे शिकली कुणास ठाऊक. मग कांदा, आलं, लाल मिरची, काड्यांना टोचून कढईत. वास पसरला तशी माणसं खुर्च्या ओढत जवळ आली. मिस्टर असियामांनी नऊ काड्या खाल्ल्या आणि दहावी घेताना आकाशाकडे बघून मावशींचे आभार मानले.

बेम्पा मॅडमनी एक खाल्ली. मग दुसरी, डोळे मिटून. मग चष्मा काढून विचारलं, "ह्या कुणाकडून आणल्या? बाजारातल्या अशा नसतात, त्यांना वाळूची चव असते."

मी बोलणार, तोच ताई मिरचीचा हात पुसत म्हणाली, "हिच्याच. परसात तीन हजार आहेत, हिच्या हाताने वाढवलेल्या. काल तीन मिनिटांत सांगायला जमलं नाही वाटतं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काल तू मला माझ्या आईचं नाव विचारत बसलीस," त्या म्हणाल्या. मग परस दाखव म्हणाल्या. खोक्यापाशी वाकून एकेक गोगलगाय उलटी करून पाहिली. पुढचं मोठ्या अक्षरांत लिहिते: दर गुरुवारी दोनशे. ओडुम लॉज. वर्षभर!

फक्त एक अट. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की गोगलगायी कवचाचं दार लावून झोपतात, वाढत नाहीत. तेव्हाही माल हवा असेल तर जागा ओली आणि छप्पर असलेली पाहिजे. मॅडम एक नोव्हेंबरनंतर बघायला येणार. मी हो म्हटलं. कसं करणार ते मला विचारू नये.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

दुसरे दोनशे गेले. ओडुम लॉजच्या पहारेकऱ्याने मला आज सलाम ठोकला. पोरीचं नाव ठरलं म्हणे, मी सुचवलेलंच. मिस्टर असियामांनी त्यांच्या दोन मित्रांना माझा नंबर दिलाय. त्यांच्या गाडीवरून माझ्या मालाची शिफारस होते हे बेम्पा मॅडमना न कळलेलं बरं.

तरी जीवाला चैन नाही. परवा ताईच्या नावाने सिमेंटच्या विटा येऊन पडल्या. मी गिऱ्हाईक आणलं की नाही? शब्द म्हणजे शब्द. पण ताईशी बोलायला गेले की ती मासे मोजायला लागते. आणि मी, जी कालपर्यंत सगळ्यांशी तीन मिनिटांत बोलायला शिकत होते, माझ्या सख्ख्या बहिणीला एक प्रश्न विचारू शकत नाही. मला भीती वाटते, ती नाही म्हणेल याची.

बुधवार, १ नोव्हेंबर

सातला गवंडी आला. मी पिवळ्या ड्रेसमध्येच खोक्यांसमोर जाऊन उभी राहिले, हात पसरून. म्हटलं, आधी मला पाड. तो बिचारा घाबरला. म्हणाला, मॅडम, पाडायचं काही नाही, बांधायचं आहे, आणि खिशातून कागद काढला. ताईचं अक्षर. भिंतीची उंची गुडघ्याएवढी. वर पत्रा, मध्ये पन्हळ, पाणी झिरपायला जागा. आतल्या बाजूने जाळी, "म्हणजे अंतवींच्या कुंपणावर जाणार नाहीत". खाली तारीख: ९ ऑक्टोबर.

नऊ. म्हणजे मयतीच्या आधी, बेम्पा मॅडमच्या आधी, माझं भाषण ती दारात उभी राहून ऐकत होती त्या दिवशी. गुडघ्याएवढ्या भिंतीत मासे कोण ठेवतं?

तिथेच विटांच्या ढिगावर बसले आणि मला एकेक सगळं दिसायला लागलं. सकाळी आधीच पडलेली पानं. काळी पिशवी. अंतवींकडे बकरी नाहीच मुळी, दोन वर्षांपूर्वी ईस्टरला कापली. आणि मी, मास्तरीण, नऊ वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडणारी.

दुकानात गेले. ताई बांगडे तोलत होती. अंगठ्यावर पपईच्या चिकाचा डाग. मला तिला मिठी मारायची होती, पण गिऱ्हाइकं होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय, गवंडी आला का?" मी म्हटलं, आला. ती म्हणाली, "मग इथे काय करतेस? जा, लक्ष ठेव. पन्हळ वाकडी करतात ते लोक."

मी जाऊन लक्ष ठेवलं. संध्याकाळी मुद्दाम पानं टाकली नाहीत.

गुरुवार, २ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला पडद्याआडून पाहिलं. ताई परसात, डोक्याला झोपायचं फडकं, हातात काळी पिशवी. एकेका खोक्यात पानं ठेवत होती आणि दुकानातल्या पोरींना रागावते त्याच आवाजात बोलत होती, "खा रे शेंबड्यांनो, नीट खा. हॉटेलात जायचंय तुम्हाला. पोकुआचं नाव घालवू नका."

मी खोकले नाही, हलले नाही. पडदा सोडला आणि ती आत येऊन चहा ठेवेपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

आजची हजेरी. गोगलगायी: दोन हजार पाचशे वीस. फरार: एकही नाही. दुफिए ताई: हजर.